हिंगणीची पहाट

वर्धा म्हटले की आपल्याला ऊन आठवते. पण डिसेंबरात बोर धरणाजवळच्या हिंगणीला एक रात्र काढून पाहा! मावशीला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठाच्या आत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोचवायचे होते, आणि मामेभावाची चारही चाकांना जोर असलेली जुनी डिझेल जीप काही केल्या बोलेना. मी दोनदा किल्ली फिरवली. खर्र... खर्र! तिसऱ्यांदा हात पुढे केला, तोच मामेभाऊ म्हणाला, "थांबा ना जी दादा, हीटर तर लागू द्या!"

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा तापते आणि तिच्यावर तेल पेटते. थंडीत ती ऊब गारठलेले लोखंडच पिऊन टाकते. बॅटरीही मरगळलेली असते; उतावळेपणाने किल्ली फिरवाल, तर उरलीसुरली ताकदही जायची. म्हणून हीटरचे टोक आधी निखाऱ्यासारखे फुलू द्यावे लागते. (आम्ही प्राध्यापक विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत एवढाही वेळ देत नाही!)

मागे मावशीच्या जपमाळेचे वीस मणी सरकले. मामेभावाने किल्ली फिरवली. पांढरा धूर, खडखडाट, आणि जीप हलली.

सेलू यायच्या आत उजाडले. मावशीने पदर घट्ट लपेटून विचारले, "अरे, त्या हीटरवर हात शेकता येतात का रे?"