दोष द्यायला कुणीतरी

स्वतःच्या हाताने मी आयुष्यात एकही वस्तू तयार केलेली नाही. शर्ट तयार घेतले, दारव्ह्यातले घर बांधून झालेलेच घेतले, आणि लग्नसुद्धा थोरल्या काकांनी सगळे ठरवून झाल्यावर मला कळवले. २०२५ च्या उन्हाळ्यात बारावी आणि प्रवेशपरीक्षा आटोपल्यावर आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचा ठरलाय ना? तयार नको. सुटे भाग आणून मी घरीच जोडतो." तेव्हा पैशांच्या आधी मला घराण्याची रीत मोडल्याचे दुःख झाले.

यवतमाळच्या एका दुकानात मी तयार यंत्र पाहून ठेवले होते. एका बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे. जणू गणपतीची आरासच! एक पावती, एक वॉरंटी, बिघडले तर एकच दार ठोठवायचे. माणसाला आणखी काय हवे? पण चिरंजीवांनी वही उघडली. तयार यंत्रात दिसणाऱ्या वस्तू भारी आणि न दिसणाऱ्या स्वस्त असतात, असे त्यांचे म्हणणे. ग्राफिक्स कार्डाचे नाव मोठ्या अक्षरांत, पण वीज पुरवणारा पॉवर सप्लाय कोणाचा, हे पुष्कळदा कुठेच लिहिलेले नसते. मेमरीच्या दोन पट्ट्या बसवल्या की प्रोसेसरला दुहेरी रस्ता मिळतो. तिथे बरेचदा एकाच पट्टीवर भागवतात. काही कंपन्या तर मदरबोर्ड असा चमत्कारिक मापाचा करतात की पुढे बाजारातला दुसरा बसतच नाही. "आणि बाबा, आपल्याकडचा मे महिना पाहा, वीज पाहा. पॉवर सप्लाय हलका घेऊन कसं चालेल?"

यावर मला उत्तर नव्हते. मुलाला वीस मिनिटे न थांबता बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

मुळात असे जोडकाम घरी जमावे तरी कसे, हे कोडे मला होते. तेही त्याने सोडवले. आय. बी. एम. कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक काढला तो घाईघाईत. बहुतेक भाग बाहेरच्यांचे घेतले आणि रचनेची माहितीही छापून दिली. मग इतरांनी त्याबरहुकूम यंत्रे काढली. पुढे १९९५ साली इंटेलने मदरबोर्डाची मापे आणि स्क्रूची भोके कुठे असावीत, हेसुद्धा नेमून दिले. म्हणून एका देशातला मदरबोर्ड दुसऱ्या देशातल्या कॅबिनेटमध्ये मुकाट्याने बसतो.

हिशेबात सुटे भाग काही हजारांनी स्वस्त पडत होते. पण हा हिशेब कायमचा नव्हे. २०२१ साली ग्राफिक्स कार्डांचा एवढा तुटवडा झाला होता की निव्वळ कार्डासाठी लोक तयार यंत्र घेत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि तिचे भाव पुन्हा कडाडले. तेव्हा पैसे वाचतात म्हणून जोडा, असे मी कोणाला सांगणार नाही.

आम्ही नागपूरला सीताबर्डीला जाऊन खोकी आणली. रविवारी दुपारी दिवाणखान्यात सतरंजी पसरून शस्त्रक्रिया सुरू झाली. अंगातली स्थिर वीज नाजूक भागांत उतरू नये म्हणून चिरंजीव अधूनमधून लोखंडाला हात लावत होते. सौभाग्यवती दारातून पाहत होत्या. मी स्क्रू सांभाळण्याचे काम पत्करले होते आणि त्यातलाही एक हरवला होता.

संध्याकाळी बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच!

मी तत्काळ फोन उचलला. "फसवलंय आपल्याला! त्या दुकानदाराला आत्ताच विचारतो."

"बाबा, थांबा जरा." त्याने सगळे पुन्हा उघडले. माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन एकेक वायर तपासली. दोन तासांनी मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वीजजोडणी तशीच राहून गेलेली सापडली. ती बसवताच पडदा उजळला.

"दुकानदाराचं काही नाही," तो म्हणाला. "चूक माझीच होती."

किती सहज म्हणाला! तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेले नाही. घर गळले की बांधणारा दोषी, बढती हुकली की साहेब दोषी. मला वाटते, तयार वस्तू घेताना आपण दोष द्यायला एक माणूसही विकत घेतो. त्यात वावगे काही नाही. ज्याला वेळ नाही, आवड नाही, त्याने तयारच घ्यावे. सुट्या भागांची वॉरंटीही सुटीसुटीच असते. गुन्हेगार कोणता भाग, हे आधी आपणच शोधावे लागते. पण तो शोध घ्यायची सवय लागली, तर ती संगणकापुरती राहत नाही.

जूनमध्ये प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. गुण फार कमी होते. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी शिकवणीच्या क्लासला फोन लावायला बसलो. एवढी फी घेऊन शिकवले काय?

"बाबा, त्यांना नका बोलू," चिरंजीव म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते. "फिजिक्स मीच सोडून दिलं होतं. कुठे अडतं ते आता मला समजलंय. एक वर्ष द्या मला."

मी फोन खाली ठेवला. कॉलेजात असताना पदार्थविज्ञान मीही असेच सोडून दिले होते, आणि घरी मात्र प्राध्यापकांना शिकवता येत नाही म्हणून सांगितले होते. माझ्या वडिलांनी ते शेवटपर्यंत खरे मानले.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे गच्चीवर बसलो, आणि चाळीस वर्षे उशिरा का होईना, खरे काय घडले होते ते मी माझ्या मुलाला सांगितले.