एक कॉफी, बाय-टू

मेसमधून येणाऱ्या वासावरून आज कोणता वार आहे हे सांगता येते, हे इथल्या प्रत्येक कॅडेटला माहीत आहे. मेसबद्दल माझी तक्रार नाही. पी.टी. आणि ड्रिल झाल्यावर तिथली चपाती मी मोजून खात नाही. पण आऊट-पास हातात पडला की पाय आपोआप बेंगळुरूच्या जुन्या भागाकडे वळतात. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी इडली म्हणजे पाहुणे आल्यावर करायचा पदार्थ. या शहरात मात्र ती पहाटेपासून लोकांच्या ताटात असते. गेल्या वर्षभरात जे खाल्ले आणि आवडले, ते इथे लिहितो. माझ्यानंतर येणाऱ्या मराठी मुलांना उपयोग होईल.

पहिला धडा मला माझ्या हासनच्या बंकमेटने दिला. तो म्हणजे ‘बाय-टू’. एक कॉफी मागवायची आणि ‘बाय-टू’ म्हणायचे. वेटर स्वतःच ती दोन ग्लासांत आणून देतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही, ऑफिसातले साहेबलोकही तसेच मागतात. खिशात तीनशे रुपये आणि हातात सात तास असतील, तर या शब्दाचे मोल कळते.

लालबागजवळचे एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, 1924 साली सुरू झाले. तिथली रवा इडली मला सर्वांत आवडते. काजू आणि कोथिंबीर घातलेली ही इडली बटाट्याच्या सागूबरोबर येते आणि शेजारी तुपाची छोटी वाटी असते. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात रव्यावर प्रयोग करून ही इडली तयार झाली, असे हॉटेलवाले सांगतात. 1942 मध्ये जपानने बर्मा घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला, हे आपण वर्गात शिकतो. पण लढाईचा परिणाम ताटापर्यंत कसा पोहोचतो, हे मला या इडलीमुळे जास्त चांगले समजले.

गांधी बाजारातले विद्यार्थी भवन 1943 पासून आहे. जवळपासच्या शाळा-कॉलेजांतली मुले तिथे येत, म्हणून हे नाव. मसाला डोसा जाड, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असतो. त्याच्यासोबत सांबार नाही, फक्त पातळ चटणी. वेटर एका हातावर दहा-पंधरा डोशांच्या थाळ्या रचून गर्दीतून सरळ चालत येतो. एकही थाळी हलत नाही. आपल्या ड्रिलच्या उस्तादांनीही त्याला शाबासकी दिली असती.

शंकरपुरममधल्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचे. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, चहा आणि कॉफी, की यादी संपली. तिथेही सांबार मिळत नाही, पण चटणी हवी तेवढी घ्या. खारा भात आणि केसरी भात यांत तांदूळ शोधू नका. पहिला म्हणजे आपला भाज्या घातलेला उपमा आणि दुसरा म्हणजे शिरा.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, मिलिटरी हॉटेल. पहिल्यांदा ही पाटी वाचली तेव्हा मला वाटले, आत जायला कॅन्टीन कार्ड लागेल. प्रत्यक्षात या भागात मिलिटरी हॉटेल म्हणजे मटण-कोंबडी मिळणारे साधे खानावळवजा हॉटेल. जयनगरमध्ये शिवाजी मिलिटरी हॉटेल आहे. तिथे दोन्ने बिर्याणी मिळते. दोन्ने म्हणजे आपला द्रोण! शब्दसुद्धा जवळचाच. 1638 नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यामुळे या शहरात महाराजांचे नाव दिसले की मला परक्या मुलखात असल्यासारखे वाटत नाही. दुसऱ्या एका मिलिटरी हॉटेलात मी रागी मुद्दे खाल्ले. हा नाचणीचा गरम उंडा असतो. तो चावायचा नाही, रश्श्यात बुडवून गिळायचा. मला जमायला तीन आऊट-पास लागले.

गोड खायचे असेल तर व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत तव्यावरून उतरलेली होळिगे घ्या. ही पुरणपोळीची इथली बहीण. पुरण बहुतेक वेळा तुरीच्या डाळीचे असते, आणि नारळाचीही मिळते. आज्जीला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली, “तुरीच्या डाळीचं पुरण? खाऊन बघायला पाहिजे.” तिच्या तोंडून यापेक्षा मोठे कौतुक मिळत नाही.

गेल्या टर्ममध्ये एका शनिवारी बाबा आले. ते हवालदार आहेत. सुट्टी संपवून युनिटला परतताना त्यांनी एक दिवस वाट वाकडी केली होती. गेटवर मला म्हणाले, “आज कमांड तुझी. कुठे न्यायचं तिथे ने.” आजवर मी त्यांच्या मागे चाललो होतो. त्या दिवशी मेट्रोचे तिकीट मी काढले आणि पुढे मी चाललो. एमटीआरमध्ये इडली खाऊन आम्ही लालबागेतल्या मोठ्या खडकावर जाऊन बसलो. तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, असे मी त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “येत्या जानेवारीत मी पेन्शन येतोय. चोवीस वर्षं झाली.”

मला काय बोलावे ते कळेना. तेच पुढे म्हणाले, “मी आलो की घरातली वर्दी उतरेल. ती जागा तू भरायलाच पाहिजे, असं काही नाही. एनडीए द्यायची तर तुझ्यासाठी दे. माझ्यासाठी नको.”

सहावीपासून मी सगळ्यांना एकच उत्तर देत आलो आहे, ‘एनडीए’. का, असे घरात कोणी विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. बिर्याणी खाताना मी फारसे बोललो नाही. बाबा मात्र द्रोण पुसून खात होते. साडेतीनला गांधी बाजारातल्या एका लहान हॉटेलात मी “एक कॉफी, बाय-टू” म्हणालो. त्यांना ही पद्धत फार आवडली. थंडीच्या पोस्टवर एक मग चहा चौघांत कसा फिरायचा, हे त्यांनी तेव्हा सांगितले. शेवटचा घोट कोणीच घेत नसे, दुसऱ्यासाठी ठेवायचा म्हणून. मग तो गार होऊन जाई आणि सगळे हसत. फौजेबद्दल त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट, जिच्यात परेड नव्हती आणि मेडलही नव्हते.

पुढच्या रविवारी फोनवर मी त्यांना सांगितले, “एनडीए देणार. कारण अजून नीट सांगता येत नाही, पण त्या चहाच्या मगाजवळ कुठेतरी आहे.” ते म्हणाले, “चालेल. परीक्षेला अजून दोन वर्षं आहेत. तोवर शोध.”

तेव्हा मित्रांनो, आऊट-पासवर निघताना एवढे लक्षात ठेवा. नॅशनल कॉलेज, लालबाग, साउथ एन्ड सर्कल आणि जयनगर ही स्थानके मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर ओळीने आहेत, आणि मी लिहिलेली सगळी ठिकाणे त्यांच्या आसपासच आहेत. रांग लांब असते, म्हणून लवकर निघा. पाणी आपले न्या. आणि आई-बाबा भेटायला आले, तर त्या दिवशी त्यांना तुम्ही जेवायला घेऊन जा. कॉफी मात्र बाय-टूच मागवा.