शाब्ली आणि कच्ची कालवं

युरोपची सहल ठरली की रुग्ण गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला येतात आणि उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, तिकडे एखादा ग्लास व्हाइट वाइन चालेल ना?" हल्ली त्याला पुरवणीही असते, "आणि ऑयस्टर?" ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. फ्रान्समध्ये या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

शाब्ली हे बर्गंडीच्या उत्तर टोकाचं छोटं गाव. तिथली वाइन फक्त शार्दोने द्राक्षाची, कोरडी आणि चांगलीच आंबट. जिथे ही द्राक्षं पिकतात त्या चुनखडीच्या मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या इवल्याशा कालवांचे जीवाश्म सापडतात. म्हणून ही वाइन कालवांना शोभते असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण खरं कारण साधं आहे. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम इथे वाइनचा आंबटपणा करतो. रेड वाइनमधला तुरटपणा मात्र मासळीबरोबर तोंडात धातूसारखी चव आणतो.

याच आंबटपणामुळे ती बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर, लोण्यातल्या माशाबरोबर, बर्गंडीतल्या गुझेर नावाच्या चीजच्या फुगीर गोळ्यांबरोबरही छान लागते. मला विचाराल तर बकरीचं चीज पहिलं.

आता कालवांकडे. कोकणात आपण ती शिजवून खातो, तिथे मात्र जिवंत उघडून, लिंबू पिळून कच्ची खातात. कालव समुद्राचं पाणी गाळून जगतं, त्यामुळे पाण्यातले जंतू त्याच्या अंगात साठतात. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस, ऐन सणात, फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातल्या कालवांची विक्री नोरोव्हायरसमुळे थांबवावी लागली होती. धडधाकट माणसाला त्याने दोन-तीन दिवस उलट्या-जुलाब होतात, एवढंच. पण कोमट समुद्रात फोफावणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू वेगळा. यकृत आधीच दुखावलेलं असेल तर तो रक्तात शिरून एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. मधुमेह असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनाही धोका जास्तच.

"पण वाइनने जंतू मरतात ना?" नाही. लिंबानेही नाही, व्हिनेगरनेही नाही. मरतात ते फक्त नीट शिजवल्यावर. म्हणजे ज्याचं यकृत दारूने बिघडलंय, त्याला या ताटातली वाइनही नको आणि कच्चं कालवही नको. अशा माणसाला "सुट्टीत एखादं चालतं" असं मी कधीच म्हणत नाही.

बाकीच्यांसाठी हिशेब सांगतो. १५० मिलीच्या ग्लासात साडेबारा टक्क्यांनी जवळपास १५ ग्रॅम अल्कोहोल जातं. फ्रान्सचाच अधिकृत सल्ला दिवसाला जास्तीत जास्त दोन पेले, आणि तेही रोज नाही, असा आहे. त्यांचा पेला १० ग्रॅमचा, म्हणजे तुमचा एक ग्लास त्यांचे दीड पेले. हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करू नका. अल्कोहोल कर्करोगकारक आहे, वाइनमधलंही.

मधुमेहींना वाटतं, कोरडी वाइन म्हणजे साखर नाही, मग काय हरकत? हरकत आहे. अल्कोहोल पचवण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर तयार करणं कमी करतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल आणि पोट रिकामं असेल, तर साखर रात्री उशिरा धाडकन उतरते. घाम, थरथर, बरळणं पाहून बाकीच्यांना वाटतं, चढली. म्हणून आधी पाव-चीज खा, ग्लास जेवणाबरोबरच घ्या, झोपण्यापूर्वी साखर तपासा आणि सोबतच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

आणि कालवं खायचीच असतील, तर फ्रेंच लोक ती भट्टीत लोणी घालून भाजूनही करतात. तशी मागवा.