सासूबाईंचा बटणांचा फोन



घरातले सगळे नंबर एकाच कंपनीत न्यायचे, असं आमच्या लेकाने गेल्या महिन्यात ठरवलं. रिचार्जची तारीख एकच, आणि सगळ्यांना 5जी. सगळ्यांना म्हणजे त्याच्या आजीलाही. सासूबाईंचा फोन बटणांचा, दहा वर्षांचा, एकदा चार्ज केला की चार दिवस बघावं लागत नाही. पण तो फक्त 2जीवर चालतो, आणि लेकाने निवडलेल्या कंपनीकडे 2जी नाहीच. नवं सिम घातलं असतं तर चांगला चालता फोन मुका झाला असता.

तुमच्याही घरात असा एखादा फोन असेलच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2जी आणि 3जीमध्ये आपण बोलायला लागलो की तेवढ्या वेळेपुरती एक वाट आपल्यासाठी राखून ठेवतात. 4जीमध्ये अशी राखीव वाट नसते. तिथे आवाजाचेही बारीक तुकडे करून इंटरनेटच्या पद्धतीने पाठवतात आणि पलीकडे ते पुन्हा जोडतात. आपल्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात ‘व्होल्टी’ अशी अक्षरं दिसतात ना, ती याचीच. जुन्या फोनला हे जमत नाही. त्यात बिघाड काहीच नसतो, फक्त त्याची भाषा बोलणारा टॉवर लागतो.

आता या सगळ्याचा वेग बघा. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. येणारे फोन फुकट झाले 2003 मध्ये. तोवर आपण सगळ्या मिस्ड कॉलमध्ये पारंगत झालो होतो! एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. 2012 मध्ये 4जी आलं, तेही आधी कोलकात्यातच. 1 ऑक्टोबर 2022 ला 5जीचं उद्घाटन झालं. आता 2030 च्या सुमारास 6जी येणार म्हणतात.

गंमत अशी की आमच्या जुन्या घराच्या आतल्या खोलीत, दीड हात जाडीच्या भिंतीमागे, लेकाचं 5जी गायब होतं आणि सासूबाईंचा फोन मात्र खणखणीत वाजतो. कारण साधं आहे. 2जीच्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब असतात, एक लहर फूटपट्टीपेक्षा जराशी मोठी. 5जी बऱ्याच ठिकाणी 3300 मेगाहर्ट्झच्या वर चालतं, तिथे एक लहर जेमतेम तळहाताच्या रुंदीएवढी. ती भरपूर माहिती वाहून नेते, पण तिचा पल्ला कमी आणि जाड भिंतीत ती लवकर मरते. म्हणून 5जीला टॉवरही जवळजवळ लागतात.

पण माझ्या दृष्टीने रेंज हा मुद्दाच नव्हता. सासूबाईंना एका डोळ्याने जवळपास दिसत नाही. त्यांचं बोट पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपतं, तिथून वर जातं आणि दोनचं बटण दाबून धरतं. दोनवर त्यांची धाकटी बहीण आहे, शिरोळकडच्या गावात. सूर्यास्ताआधीचं जेवण आटोपलं की रोज फोन. आज काय केलं होतं, मंदिरात कोण आलं होतं, गुडघा कसा आहे. काचेसारख्या गुळगुळीत पडद्यावर त्या काय चाचपणार? “आजी, शिकवतो की मी,” असं लेक म्हणाला. त्या म्हणाल्या, “तू शिकवशील रे बाळा, पण बोटाला दिसायला नको का?”

त्यांचा नंबर जिथे आहे तिथेच ठेवायचा, असं मी सांगितलं. त्याबद्दल घरात थोडी कुरकुर झाली, होऊ दे.

आणखी एक कामाची गोष्ट. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज यांचं, इंटरनेट नसलेलं रिचार्ज ठेवायला लावलं. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, तुम्हीच मागा. आजी-आजोबांसाठी महिन्याला इंटरनेटचे पैसे कशाला भरायचे?

2जी कायम राहील असं मात्र मी धरून चाललेली नाही. 3जी तर बऱ्याच ठिकाणी बंदही झालं. बटणांचे, पण 4जीवर चालणारे फोन मिळतात. घेताना खोक्यावर ‘4जी’बरोबर ‘व्होल्टी’ लिहिलंय का ते वाचा, आणि पाचच्या बटणावर बोट फिरवून बघा, काहींचा उंचवटा अगदीच नावाला असतो. सासूबाईंना बरोबर घेऊन मी पुढच्या आठवड्यात दुकानात जाणार आहे. घ्यायचा नाहीये अजून, नुसता त्यांच्या हातात देऊन बघायचाय.