बार्शीची अडत आणि कोपनहेगनची शाळा

बार्शीच्या माणसाला परमुलखाचे अप्रूप कधी फारसे नव्हते. १९४८ सालापर्यंत आमच्या गावापासून काही कोसांवर दुसरे राज्यच सुरू होई. जुनी माणसे त्याला मोगलाई म्हणत. तिकडे निजामाचा अंमल, इकडे इंग्रजांचा. तिकडे हाली रुपया, इकडे कलदार. आणि मध्ये करोडगिरीचे नाके. मोगलाईतला कापूस आणि धान्य बैलगाड्यांतून बार्शीच्या पेठेत उतरे आणि आमचे दिवाणजी दोन्ही नाण्यांचे हिशेब तोंडी करीत. हा व्यापार पाहूनच कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने कुर्डुवाडीपासून आमच्या गावापर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. म्हणजे व्यापारासाठी परदेशच आमच्याकडे चालत आला होता. आमच्या गावातून व्यापार शिकायला कुणी परदेशी जावे, ही मात्र नव्या जमान्याची गोष्ट.

आमची थोरली लेक पुण्यात एम.बी.ए. करीत होती. तिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची सोय आहे. त्यातून तिची डेन्मार्कच्या राजधानीतल्या कोपनहेगन बिझनेस स्कूलमध्ये एका सत्रासाठी निवड झाली. अदलाबदल असल्यामुळे फी पुण्यालाच भरायची. राहण्या-खाण्याचा भार मात्र आपला. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती गेली. तिच्या आजीने बार्शीच्या भगवंताला नारळ फोडला, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बरोबर दिला आणि एकच प्रश्न विचारला, "तिथं एकादशी कशी कळायची गं तुला?" अंबरीष राजाच्या गावातली म्हातारी ती, तिला दुसरी कसली काळजी असणार!

ऑक्टोबरात त्यांना आठवड्याची सुटी असते. तो मुहूर्त धरून मी दहा दिवस जाऊन आलो. सोयाबीनची आवक सोडून जाणे जिवावर आले होते. पण पाडव्याच्या वहीपूजनाच्या आत परतण्याच्या बोलीवर निघालो.

कोपनहेगन या नावाचा अर्थच व्यापाऱ्यांचे बंदर. शहर सपाट, चढ म्हणाल तर आमच्या पांडे चौकातल्या गतिरोधकाएवढा. त्यामुळे सारे गाव सायकलवर. कोटटाय घातलेला साहेब सायकलवर, पुढच्या पेटाऱ्यात दोन पोरे बसवलेली आई सायकलवर. मेट्रोला ड्रायव्हर नाही आणि फलाटावर तिकीट पाहायला फाटकही नाही. आपले कार्ड आपण यंत्राला लावायचे आणि चढायचे. मधूनच तपासनीस येतो म्हणे, आणि त्याचा दंड जबर असतो. गावाबाहेर शेतकरी रस्त्याकडेला बटाटे, अंडी, सफरचंदे मांडून ठेवतात, शेजारी पैशांची डबी. राखणीला कुणी नाही. मी दोन किलो बटाटे उचलले, पैसे टाकले आणि सवयीने पट्टीसाठी हात पुढे केला! लेक हसू लागली.

खाण्यापिण्याचे फार सांगत नाही. तिथला रायचा काळा पाव चवीला कडक आणि पोटाला जड. मला तर तो आपल्या ज्वारीच्या भाकरीची दूरची मावशीच वाटला. चटणीबरोबर उत्तम लागतो.

तिची शाळा १९१७ सालची. इमारती मात्र नव्या, काचेच्या. शिक्षकांना नावाने हाक मारतात, 'सर' कुणी म्हणत नाही. परीक्षा बऱ्याचदा तोंडी; आपल्या शिक्षकाशेजारी बाहेरचा परीक्षकही बसतो. गुण देण्याची तऱ्हा तर अजब: सर्वांत वर बारा, मग दहा, सात, चार, दोन, शून्य, आणि शून्याच्याही खाली उणे तीन! परीक्षेला बसून घरचेच तीन गुण घालवून यायचे, असा हा हिशेब. आमच्या वेळी ही सोय नव्हती ते बरे.

एके दिवशी तिने मला बोर्सेन दाखवायला नेले. चौथ्या ख्रिश्चन राजाने सतराव्या शतकात बांधलेली ही व्यापाऱ्यांची पेठ. तिच्या मनोऱ्यावर चार मकरांच्या शेपट्या एकमेकींत पिळून आभाळात गेलेल्या असत. असत म्हणायचे, कारण १६ एप्रिल २०२४ रोजी तिला आग लागली आणि तो मनोरा कोसळला. आम्ही पाहिली तेव्हा भोवती नुसत्या पराती होत्या. आग लागली तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसे आत शिरून जुनी तैलचित्रे खांद्यावर घालून बाहेर आणीत होती, असे लेकीने सांगितले. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. पेठ जळते म्हणजे काय, हे पेठेतल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तिथेच कालव्याच्या काठी बसून तिने विषय काढला. मुद्दाम तिथेच काढला असावा.

"आप्पा, हे लोक पूर्वी आपल्यासारखेच धान्य विकत होते," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितले ते असे. १८७० नंतर अमेरिकेचे आणि रशियाचे स्वस्त धान्य आगबोटींनी युरोपात येऊ लागले. धान्याचे भाव पडले. डेन्मार्कच्या शेतकऱ्याने रडत न बसता धान्य गायी-डुकरांना घातले आणि लोणी व मांस विलायतेला विकायला काढले. लोणी घरोघरचे वेगवेगळे. त्याला भाव कुठला? म्हणून १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावात शेतकऱ्यांनी भागीत डेअरी काढली. दूध एकत्र, यंत्र एकत्र, नफा दुधाच्या मापावर. मत मात्र माणशी एक. गायी पन्नास असोत की दोन. पाहता पाहता गावोगावी अशा डेअऱ्या झाल्या. आपल्याकडे विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी प्रवरेला साखर कारखाना उभारला तो १९५० च्या सुमारास. त्याच्या आधी जवळजवळ सत्तर वर्षांची ही गोष्ट.

"आणि मधला व्यापारी?" मी विचारले.

"त्यालाच तर वगळलं त्यांनी."

मी गप्प बसलो. तीन पिढ्या अडतीवर जगलेल्या घरातली मुलगी, अडतीच्या पैशाने परदेशी जाऊन, बापाला हे सांगत होती. तिचे म्हणणे सरळ होते. आज तुरीचा भाव बार्शीत ठरत नाही; म्यानमार आणि मोझांबिकची तूर बंदराला लागली की आमच्या यार्डात लिलावाचा आवाज बसतो. तेव्हा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढावी, २००२ सालच्या दुरुस्तीपासून कायद्यात तशी सोय आहेच. डाळ करून विकावी आणि आपल्या दुकानाने अडत सोडून त्या कंपनीचे काम पाहावे.

मीही माझे सांगितले. १९७२ च्या दुष्काळात वैरागकडच्या शेतकऱ्यांना आमच्या वडिलांनी ज्वारीची पोती उधारीवर दिली, ती कोणत्या कंपनीने दिली असती? रात्री दोन वाजता दवाखान्यासाठी पैसे मागायला शेतकरी कुणाचे दार वाजवतो? उचल देतो म्हणून अडत घेतो. तिने शांतपणे विचारले, "आणि उचल घेतली म्हणून तो माल दुसरीकडे घालू शकत नाही, त्याचं काय?" या प्रश्नाला पेठेत सर्वांना ठाऊक असलेले एक उत्तर आहे, पण ते लेकीपुढे उच्चारण्याजोगे नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला ऐकवली. त्या देशात डेअऱ्यांच्या आधी शाळा आल्या. ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारातून शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी लोकशाळा निघाल्या. पहिली १८४४ साली. परीक्षा नाही, पदवी नाही; एकत्र राहायचे, ऐकायचे, बोलायचे. हे तिनेच मला फोनवर सांगितले होते. आमच्याकडे कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बार्शीत बोर्डिंग आणि शाळा काढल्या, त्यांत शिकलेली माणसे आज तालुकाभर आहेत. कंपनी काढायची तर आधी त्यांच्याकडे जा, कागद मग कर. हे तिला पटलेले दिसले.

मी वेळेवर परतलो, वहीपूजन झाले. तिने तिकडे खिडकीत पणत्या लावल्या. डिसेंबरात तिथे साडेआठ उलटल्यावर सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. महिनाभर घरोघर मेणबत्त्या जळत असतात. आजीने ते फोनमध्ये पाहून जाहीर केले, की त्या लोकांची दिवाळी आपल्यापेक्षा मोठी.

जानेवारीअखेर ती आली तेव्हा यार्डात तुरीचे ढीग लागले होते. पुण्याचे उरलेले सत्र सुरू व्हायला आठ दिवस होते. तेवढे दिवस ती गादीवर बसली, पट्ट्या फाडल्या, हमालांशी बोलली. शेवटच्या दोन दिवसांत मोटारसायकलवर वैराग आणि पांगरीकडे जाऊन आली. कुणाकुणाला भेटली ते तिने सांगितले नाही; मी विचारलेही नाही. जाताना आमच्या दिवाणजींकडून उचलीच्या खात्याची पाच वर्षांची नक्कल मात्र तिने मागून घेतली. द्यावी का, असे दिवाणजींनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारले. मी म्हटले, द्या.