वॉर्ड ऑफिस, कचऱ्याचं वेळापत्रक आणि आपला गोन्सालो

गास, तालुका वसई
ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. धाकटीची एका सत्रासाठी जपानला निवड झाल्याची बातमी त्याआधीच इथं पोचली होती आणि आईनं ती शेजारच्या वाडीत सांगूनही टाकली होती. तुझ्या पत्रात मात्र आनंदापेक्षा प्रश्नच जास्त. पाच महिने पोरगी करणार काय, खाणार काय, आजारी पडली तर बघणार कोण? विद्यापीठाच्या माहितीपत्रकात यातल्या एकाचंही उत्तर नाही म्हणतेस. कसं असेल? त्यात फुजी पर्वत आहे आणि चेरीचा बहर आहे. तो बहरही तिच्या वाट्याला येणार नाही. चेरी फुलते मार्चअखेर, आणि ही फेब्रुवारीत परतणार.

तिकडचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. दुसरं सत्र सप्टेंबरअखेरीला किंवा ऑक्टोबरच्या आरंभी उघडतं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतं. दोन विद्यापीठांच्या करारातून जाणारे विद्यार्थी फी आपल्याच विद्यापीठात भरतात, तिकडे फक्त राहण्या-खाण्याचा खर्च. जासो या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ८०,००० येन हाती येतात. काटकसरीनं राहणाऱ्याचं त्यात बरंचसं भागतं. मे २०२४ मध्ये जपानात ३ लाख ३६ हजारांवर परदेशी विद्यार्थी होते. सर्वांत जास्त चीनचे, त्याखालोखाल नेपाळचे, मग व्हिएतनामचे. भारतीय त्या मानानं मूठभर. पण रात्री दुकानाच्या गल्ल्यावर नेपाळी मुलगा असला तर हिंदी चालून जातं, एवढं आईला सांगून ठेव.

पहिला पंधरवडा अभ्यासाचा नसतो, कागदांचा असतो. विमानतळावरच फोटोचं निवासकार्ड हातात पडतं. राहण्याची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्या कार्डामागे पत्ता लिहून घ्यायचा. त्याच इमारतीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणी होते, म्हणजे पुढं दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच स्वतःच्या खिशातून. तुझ्या आजारपणाच्या प्रश्नाचं उत्तर हे. वयाची २० वर्षं पूर्ण झालेल्यांना पेन्शन योजनेतही नाव घालावं लागतं आणि लगोलग हप्ता माफ व्हावा म्हणून अर्जही करावा लागतो. हे सारं जपानीत. पुण्यात तीन वर्षं जपानी शिकलेल्या मुलांनासुद्धा त्या फॉर्मवरची कांजी लिपी वाचताना घाम फुटतो, कारण पाठ्यपुस्तकातली पात्रं स्टेशनचा रस्ता विचारतात, पेन्शनचा हप्ता कधी माफ करून घेत नाहीत.

जपानातलं सत्र वर्गापेक्षा अशा खिडक्यांपुढेच जास्त शिकवतं, असं मला वाटतं. वर्ग म्हणजे दीड-दीड तासाची व्याख्यानं, सुरुवातीला पातळी ठरवणारी चाचणी आणि हजेरीचा धाक. लोकल उशिरा आली तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो आणि विद्यार्थी तो प्राध्यापकांना देतात. गाडी पाच-दहा मिनिटं उशिरा आली तरीसुद्धा! नालासोपाऱ्याच्या फलाटावर असे दाखले वाटायचे ठरवलं तर पश्चिम रेल्वेला कागद पुरणार नाही. तोक्योची सकाळची गर्दी बघून बाकीच्या देशांची पोरं हबकतात. विरार लोकलमध्ये चढून दाखवलेल्या पोरीला तिची फिकीर नको.

आता तुला आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. सत्रासाठी जपानला जाणारी ही आपल्या भागातली पहिली पोर नव्हे. ज्याच्या नावानं आपल्या गासचं चर्च आहे, वसईतलं कॉलेज आहे, तो गोन्सालो गार्सिया तिच्याहून लहान वयात तिकडे गेला. जन्म १५५७ च्या सुमाराचा, वसईतला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानच्या जहाजावर चढला. आपण त्याला वेदीवर बघतो, म्हणून तो आपल्याला जन्मतःच संत वाटतो. पण त्या वयात तो एक पोरगाच होता, आणि लोकांत मिसळून बोली उचलणं हे त्याचं भांडवल. धर्मशिक्षण देण्याच्या कामावर तो वर्षानुवर्षं गावोगाव हिंडला, लहान मुलांत विशेष रमला. एवढं करूनही जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही. निराश होऊन तो व्यापारात पडला, तिथं बरकत आली, तरी मन लागेना. शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन मंडळींचा साधा ब्रदर झाला.

मग १५९३ मध्ये तेच भांडवल कामी आलं. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानं तोयोतोमी हिदेयोशीकडे शिष्टमंडळ पाठवायचं ठरवलं. प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता, आणि त्यांना जपानी येत नव्हतं. दुभाषा म्हणून बरोबर गेला तो आपला वसईकर. जपानच्या सर्वसत्ताधीशापुढे उभं राहून स्पेनचा निरोप जपानीत सांगणारा हा माणूस कुठल्या विद्यापीठात ती भाषा शिकला नव्हता. बाजारात, बोटीवर आणि पोराटोरांत शिकला होता. त्याच काळात जुआंव रोद्रिगेस नावाचा एक पोर्तुगीज असाच पोरवयात तिकडे गेला. तोही हिदेयोशीचा दुभाषा झाला आणि पुढं त्यानं नागासाकीत जपानी भाषेचं व्याकरण छापलं. गोन्सालोनं पुस्तक लिहिलं नाही. डिसेंबर १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांची धरपकड झाली आणि तो पकडला गेला. भर थंडीत महिनाभराची पायपीट करवून त्या सर्वांना नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाकाच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर दिलं. त्यांतले २० जपानी. १८६२ मध्ये रोमनं सगळ्यांना संत घोषित केलं. नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर त्यांचं स्मारक आणि संग्रहालय आहे, १९६२ मधलं. फुनाकोशी यासुताके या शिल्पकारानं घडवलेल्या ब्राँझच्या २६ मूर्तींमध्ये एक वसईची आहे. शहरातलं ओउरा चर्च १८६४ मध्ये बांधून झालं ते या २६ जणांच्याच स्मरणार्थ. दोनशेहून जास्त वर्षं लपूनछपून श्रद्धा जपलेल्या खेडुतांनी १८६५ च्या मार्चमध्ये तिथल्या फ्रेंच फादरला येऊन आपली ओळख दिली, तीही याच चर्चमध्ये.

धाकटीचं विद्यापीठ नागासाकीत नाही. पण परीक्षा आटोपतात त्याच दिवसांत ५ फेब्रुवारी येते, आणि रात्रीच्या बसनं स्वस्तात फिरणं ही तिकडच्या विद्यार्थ्यांची जुनी सवय. ती जाईल असं मला वाटतं. तू मात्र आधीपासून मागे लागू नकोस.

बरं, खाण्याचं. आमच्या बाजूचे शाकाहारी मित्र तिकडे रडकुंडीला येतात, कारण वरवर भाजीच्या दिसणाऱ्या रश्शातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. आपल्या घरात सुका बोंबील आणि जवळा खाऊन वाढलेल्या पोरीला त्याचं काय? भात आणि मासे, आणखी काय हवं? कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये स्वस्त जेवण मिळतं आणि होस्टेलात सामायिक स्वयंपाकघर असतं. फक्त तिखट आणि नारळ यांची आठवण येईल. हातानं जेवायची मात्र सोय नाही. लुईस फ्रोइस नावाचा जेझुइट गोव्याहून तिकडे गेला होता. १५८५ मध्ये त्यानं युरोप आणि जपान यांच्यातल्या फरकांची शेकडो कलमांची यादी केली, आणि त्यात नोंदवलं की आम्ही सगळं हातानं खातो, हे लोक लहानपणापासून काड्यांनी खातात. म्हणजे तेव्हाचा युरोप आपल्याच पंक्तीला बसलेला होता.

खरी शाळा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात भरते. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट. चोवीस तास उघडी. धाकटी डबाबंद जेवण उचलून गल्ल्यावर जाईल आणि पलीकडचा पोरगा एका दमात तिला तीन-चार गोष्टी विचारेल: गरम करून देऊ का, पिशवी हवी का, पॉइंट कार्ड आहे का, काड्या घालू का. तेही इतक्या आदरार्थी जपानीत की क्रियापद कुठं संपलं ते कळत नाही. मागे रांग. पिशवीचे २०२० पासून वेगळे पैसे पडतात, म्हणून उगाच मान डोलावून चालत नाही. विम्याच्या हप्त्याची चिठ्ठीही त्याच गल्ल्यावर भरायची. सत्र संपेपर्यंत ही पोरं त्या प्रश्नांना न बघता उत्तरं देऊ लागतात, आणि त्यांची जपानी सुधारली हे प्राध्यापकांच्या आधी त्या गल्ल्यावरच्या पोराला कळतं.

दुसरी शाळा कचऱ्याची. वॉर्ड ऑफिस पत्त्याच्या नोंदणीबरोबरच कचऱ्याचं कॅलेंडर हातात देतं. जळणारा कचरा अमुक वारी, प्लास्टिक तमुक वारी, बाटल्या आणि डबे आणखी वेगळ्या दिवशी. पाण्याची बाटली टाकायची तर झाकण वेगळं, वरचं लेबल सोलून वेगळं, बाटली धुऊन, चेपून वेगळी. काही शहरांत नगरपालिकेच्याच विकतच्या पिशव्या वापराव्या लागतात. सकाळी आठ-साडेआठच्या आत पिशवी ठरलेल्या जागी, कावळ्यांसाठी अंथरलेल्या जाळीखाली ठेवायची. चूक झाली तर पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि ती तिथंच राहते, सगळ्या गल्लीनं बघावी अशी. वाडीतला पालापाचोळा खड्ड्यात लोटणाऱ्या आपल्याला हा छळ वाटेल. मला स्वतःला तो वाटतोच. पण शेजारीण पहिल्यांदा बोलायला थांबते ती बहुतेक या जाळीपाशीच, असं जाऊन आलेल्या मुलींकडून ऐकलंय.

नोकरीचं विचारलं होतंस. परवानगी घेतली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं. अर्ज विमानतळावरच देता येतो. बार आणि पाचिंकोचे जुगारअड्डे वर्ज्य. पण एकाच सत्रासाठी गेलेल्या मुलीनं त्यात फार अडकू नये असं माझं मत. त्यापेक्षा कॉलेजातल्या एखाद्या मंडळात जावं. बॅडमिंटन, ढोल, चहा, डोंगर चढणं, काहीही. तिथं परकी म्हणून कौतुक दोन आठवडे होतं, मग सतरंज्या उचलायला लावतात. तेव्हा समजावं की आपल्याला आत घेतलं.

डिसेंबर जड जाईल. तिकडे २५ तारखेला सुट्टी नसते. दुकानात दिवे लागतात, स्ट्रॉबेरीचा केक विकला जातो आणि नाताळचं जेवण म्हणून लोक केंटकीची तळलेली कोंबडी आणतात, आधी नोंदणी करून. १९७४ मध्ये कंपनीनं केलेल्या जाहिरातीचा हा प्रताप. आपल्याकडे मध्यरात्रीची मिस्सा, घरोघरचे गोठे आणि पाहुणे; तिथं त्या सकाळी कदाचित व्याकरणाचा तास असेल. शहरात कॅथलिक चर्च नक्की सापडेल, फिलिपिनो आणि व्हिएतनामी बायाबापड्यांनी भरलेलं. देशाची खरी सुट्टी नववर्षाची. त्या दिवसांत होस्टेल रिकामं होतं, बरीचशी दुकानं बंद असतात. तेव्हा फोन आवर्जून कर.

‘एका सत्रानं काय होणार’ असं भावोजी म्हणतात ना, त्यांना अंबरनाथच्या योगेंद्र पुराणिकांचं नाव सांग. पुण्यात जपानी शिकले, विद्यार्थी म्हणून तिकडे गेले, मग नोकरीसाठी परतले आणि स्थायिक झाले. २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढं इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्याहून जुनं हवं असेल तर तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना. १९०८ च्या सुमारास तो उभा करणाऱ्या ईश्वरदास वार्ष्णेयांनी काचेचं काम जपानात शिकलं होतं. आणि अण्णासाहेब कर्वे तर तेव्हा गेलेही नव्हते. तोक्योच्या महिला विद्यापीठाची नुसती पुस्तिका वाचून त्यांनी १९१६ मध्ये आपलं विद्यापीठ काढलं. अर्थात धाकटीनं यांपैकी काहीही केलं नाही आणि नीट खाऊन-पिऊन, चार मैत्रिणी करून परत आली तरी भावोजींनी कुरकुर करू नये.

सामानाबद्दल. सॉसेज, सुकं मटण, मांसाचं लोणचं यांतलं काही भरू नकोस. मांसाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात. ताजी फळं आणि कढीपत्त्याच्या डहाळ्याही नकोत. सर्दीची काही औषधं तिकडे चालत नाहीत, विशेषतः स्यूडोएफेड्रिन असलेली, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी पाहून घे. सुकवलेल्या केळ्यांना मात्र मनाई नाही. आईनं सुकेळ्यांची तयारी चालवली आहे. दोन किलो म्हणते, मी एकावर आणलंय. गणपतीनंतर नाशिकला येतो तेव्हा घेऊन येईन. सुकटीचा हट्ट तू धरू नकोस, होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात वास नको.

आणि वेळ ध्यानात ठेव. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं. तू रात्री नऊला फोन लावशील तेव्हा तिथं साडेबारा झालेले असतील. संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ बरी.

भावोजींना नमस्कार. आईची तब्येत ठीक आहे.

तुझा
भाऊ