चुकीच्या जागी आलेला फुगवटा

मे महिना लागला की न्यूयॉर्कच्या मेट गालाचे फोटो आपल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतात आणि हसण्याला ऊत येतो. २०१७ साली प्रियांका चोप्राच्या कोटाचा घोळ आठवतोय ना? अख्ख्या देशाने त्यावर हात साफ करून घेतला. मीही.

त्या वर्षी मेट म्युझियममध्ये रेई कावाकुबो या जपानी डिझायनरबाईंचं प्रदर्शन होतं. त्यांचा ब्रँड कॉम दे गार्सों. पुरवणीत जागा उरली होती म्हणून मी त्यांच्या एका ड्रेसचा फोटो टाकला. चौकटीचं कापड, पाठीवर आणि खांद्यावर भलेमोठे गोळे. वर मथळा दिला, 'फॅशनचं कुबड!' डेस्कवर सगळे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. आत्याच्या पाठीला लहानपणापासून कुबड आहे, हे मथळा देताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने आयुष्यभर गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. स्वतःचा बेतताना पाठीचा भाग चार बोटं जास्त धरते. पेपर त्याच पानावर दुमडलेला होता.

"मथळा तुझा का रे?"

"हो."

तिने चहा टाकला. कप हातात दिल्यावर म्हणाली, "फोटो मोठा करून दाखव." मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत बसली. "कापड ताणणारं आहे. गोळ्यावर चौकटी बघ कशा मोठ्या झाल्यात. आत काय भरलंय?"

मला माहीत नव्हतं. छापून झाल्यावर वाचलं, आमच्या धंद्यात हे असंच होतं. आत पिसं भरलेल्या गाद्या होत्या. हे कपडे ऑक्टोबर १९९६ मध्ये पॅरिसला दाखवले, तेव्हाही तिथल्या पेपरवाल्यांनी कुबडाचीच थट्टा केली होती. म्हणजे माझा मथळासुद्धा वीस वर्षं शिळा! पुढे मर्स कनिंगहॅम यांच्या नर्तकांनी याच कल्पनेचे कपडे घालून नाच केला.

गंमत बघा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका कमरेमागे गादी बांधून पार्श्वभाग फुगवत, ते सौंदर्य. आपल्याकडच्या फुग्याच्या बाह्या दर काही वर्षांनी लग्नसराईत परत येतात, त्याही चालतात. कावाकुबोंनी तीच गादी उचलून पाठीवर ठेवली, तर कुबड. शरीराचा आकार कुणी ठरवला, हा या बाईंचा जुनाच प्रश्न. १९८२ मध्ये भोकं पडलेले स्वेटर, २०१२ मध्ये कागदी बाहुलीसारखे सपाट कोट. त्या फिरून फिरून तिथेच येतात.

सगळ्याच अतिरेकाची वकिली मी करत नाही. २०२२ मध्ये बालेन्सियागाने कचऱ्याच्या पिशवीसारखी चामडी बॅग १,७९० डॉलरला काढली, तिला मी आजही हसतो. तिथे श्रीमंताच्या खांद्यावर गरिबीची नक्कल आहे, दुसरं काही दिसत नाही.

त्या मथळ्यात तथ्याची चूक नव्हती, त्यामुळे पेपरात दुरुस्ती छापायचा प्रश्नच आला नाही. आत्याने कधी मागितलीही नाही. काल ग्रुपवर पुन्हा तसलेच फोटो आले आणि एकाने "पत्रकारसाहेब, होऊन जाऊ द्या एक मथळा" म्हटलं, म्हणून हे इथे लिहिलं.